मेण वितळवायचं भांडं निवडून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. वसईत आणि आसपास घरच्या घरी मेणबत्त्या करणाऱ्या बायका मला सारख्या विचारतात, "तू मशीन कुठलं घेतलंस?" मी त्यांना जे सांगते ते सगळं तुम्ही शिकवलेलं आहे. ते कुणाकडून आलं हेही त्यांना कळायला हवं.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मोबाइलमध्ये तीन फोटो होते: नळवालं इलेक्ट्रिक भांडं, इंडक्शन शेगडी आणि पार्लरमधला वॅक्स हीटर. यातलं चांगलं कुठलं, एवढंच मला हवं होतं. तुम्ही फोटो बघितलेच नाहीत. एका वेळी किती मेण वितळवणार? मेण कुठलं? साच्यात ओतणार कशाने? आणि घरात प्लग कुठला आहे? कारखान्यात हीटर आणि बॉयलर सांभाळण्यात आयुष्य गेलेला माणूसच हे विचारतो. त्या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून झाली तेव्हा निवड जवळजवळ झालेलीच होती.

आधी तुम्ही तापमान समजावलंत. आपल्याकडे मिळणारी पॅराफिनची लादी साधारण ५८ ते ६० अंशांना वितळते, मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ ला, सोया मेण पन्नाशीच्या आसपास. म्हणजे सगळं काम ऐंशीच्या आत-बाहेर होतं. पाणी शंभराला उकळतं आणि तिथेच थांबतं. मेण असं थांबत नाही. ते तापत जातं, धुरावतं, आणि दोनशेच्या आसपास पोचलं की त्याची वाफ पेट घेऊ शकते. म्हणून गॅसच्या ज्योतीवर मेणाचं भांडं थेट ठेवायचं नाही. आणि पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, कारण पाणी मेणाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि जळतं मेण चहूकडे उडतं. "शेगडी बंद. झाकण ठेव. पाणी नाही." तुमच्या अक्षरातला तो कागद आजही माझ्या ओट्यावर भिंतीला चिकटवलेला आहे. सासूबाईंना तो पाठ आहे.

नव्याने सुरुवात करणारीसाठी पाण्याचं भांडंच उत्तम, हे तुमचं म्हणणं मी सगळ्यांना सांगते. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात तळाशी एक कडं आणि कड्यावर मुठीचा अॅल्युमिनियमचा जग. आपल्याकडे समुद्रसपाटीला पाणी शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे मेणही जात नाही. फक्त पाणी आटू द्यायचं नाही, आणि त्याचा थेंब मेणात पडू द्यायचा नाही. इंडक्शनवर अॅल्युमिनियम तापत नाही, म्हणून बाहेरचं पातेलं लोहचुंबक चिकटेल असं स्टीलचं हवं. तुम्ही माझ्या फ्रिजवरचं चुंबक काढून घरातल्या सगळ्या पातेल्यांची बुडं तपासलीत. दोनच पास झाली! शेगडीवर दिसणारा आकडा मेणाचा नसतो, हेही तेव्हाच कळलं. त्यासाठी जगमधल्या मेणात बुडवायचा थर्मामीटरच हवा, आणि तो आधी उकळत्या पाण्यात धरून शंभर दाखवतो का बघायचं. लांबून रोखायचं पिस्तुलासारखं यंत्र चकचकीत अॅल्युमिनियमवर धरलं तर भलताच आकडा दाखवतं.

पण मला सर्वांत उपयोगी पडला तो लिटर आणि किलोचा हिशेब. भांडी लिटरवर विकली जातात आणि मेण आपण किलोवर आणतो. वितळलेलं मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, एक किलोला जवळजवळ १.३ लिटर जागा लागते. शिवाय घट्ट मेण वितळताना फुगतं. म्हणजे पाच लिटरचं भांडं काठोकाठ भरलं तरी चार किलोसुद्धा मावत नाही, आणि ढवळायला, सांडू नये म्हणून वरची पाव जागा सोडली की उरतात जेमतेम तीन किलो. पाच लिटर म्हणजे पाच किलो असं धरून ऑर्डर घेणाऱ्या कितीतरी जणींना मी हा हिशेब करून दाखवला आहे. विजेचंही तसंच. एक किलो पॅराफिन खोलीच्या तापमानापासून ऐंशीपर्यंत न्यायला, वाया जाणारी उष्णता सोडली तर, युनिटच्या दहाव्या भागाइतकी वीज लागते. म्हणून जास्त वॉटचं भांडं घेऊन बिल वाढत नाही, मेण लवकर वितळतं इतकंच. मात्र सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर १३८० वॉटच्या पुढे जायचं नाही. दोन हजार वॉटची शेगडी सोळा अँपिअरच्या पॉइंटवरच लावायची. आमच्या स्वयंपाकघरातलं अर्थिंग तुम्ही टेस्ट लॅम्प लावून स्वतः तपासलंत, तेही रविवारची दुपार मोडून.

आदल्या दिवशीचं थिजलेलं मेण पुन्हा तापवण्याबद्दल तुम्ही बजावलेली गोष्ट मला दुसऱ्या कुणीच सांगितली नव्हती. घट्ट मेणातून उष्णता फार हळू जाते. बुडाकडून तापवलं की खालचं पातळ होऊन फुगतं, वर मात्र जाड पापुद्रा तसाच राहतो, आणि खालचं मेण एकदम तो फोडून उसळू शकतं. त्यामुळे मंद आच ठेवायची. थिजण्याआधी मधोमध एक स्टीलची सळी उभी करून ठेवायची आणि तापवण्यापूर्वी ती काढून वाट मोकळी करायची. आता आमच्याकडे हे रोजच्या कामातच धरलेलं आहे.

नळवालं भांडं तुम्ही तेव्हा घेऊ दिलं नाहीत, त्याचं कारण मला फार पटलं. मी एका दिवसात चार रंग आणि तीन वास करते. मोठ्या टाकीत एकच मेण राहतं, आणि टाकीला एक वास लागला की तो पुढच्या घाण्यात उतरतो. नळ टाकीच्या बाहेर असतो, तिथे मेण थिजून अडकतं. त्या पैशात मला तीन जग, एक चांगला थर्मामीटर आणि ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा आला. सुगंधी तेल किलोला साठ ग्रॅम घालायचं म्हटलं तर काटा हवाच. पार्लरचा हीटर अर्ध्या लिटरचा, त्याच्या बटणावर अंश नाहीत, पण रंगाचा नमुना करून बघायला तो पुरतो. आणि भाताचा कुकर? आत पाणी नसलं की त्याचं बटण शंभरच्या थोडं वर गेल्यावरच उडतं, तोवर सुगंध उडून जायला लागतो. हे ऐकल्यावर शेजारणीने तिचा कुकर परत भातासाठी ठेवला.

दोन नोव्हेंबरला ख्रिस्ती लोक मृतांच्या स्मरणार्थ दफनभूमीत मेणबत्त्या लावतात, त्यांची मागणी दिवाळीच्या सुमारासच येते, मग नाताळ. गेल्या मोसमात सासूबाई एकट्याने जग सांभाळत होत्या आणि मी साच्यांकडे होते. पातेल्यात पाणी आहे तोवर मेण शंभराच्या वर जाऊच शकत नाही, या भरवशावरच त्यांना हे काम सोपवता आलं. त्यांच्या वयाच्या बाईला आपण कमावतोय असं वाटणं किती मोठं असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यासाठी तुमचे आभार मनापासून, आमच्या दोघींकडून.

आता पांढऱ्या साध्या मेणबत्त्यांची मागणी वाढली आहे. एकच रंग, वास नाही, म्हणून यंदा दुहेरी भिंतीचं दहा लिटरचं नळवालं भांडं घ्यावं असं वाटतंय. तुमच्या हिशेबाने त्यात सहा किलोच्या आसपास मेण धरलंय आणि पंधराशे वॉटसाठी सोळा अँपिअरचा पॉइंट वेगळा काढून घेतलाय. नळाभोवतीही हीटर आहे का, एवढं दुकानदाराला विचारलंय. त्याचं उत्तर आलं की पैसे भरण्याआधी तुम्हाला फोन करते.

तुमची,
वसईची मेणबत्तीवाली