टोचण्याआधी विचारायचा प्रश्न

ती. आई आणि ती. बाबा,
सा. नमस्कार.

बाळाचा ताप उतरलाय. काखेतली गाठ अजून वाहते, पण दूध पचायला लागलंय. त्याच्या उशाशी बसून फोनवर सगळं बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, आधी तुमच्याशी बोलते. "जन्मभर जी लस टोचत आलो, तीच नातवाला बाधली," असं तुम्ही म्हणालात. हे मनातून काढून टाका. बीसीजी तान्ह्या बाळांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते, आणि आपल्याकडे क्षय इतका आहे की ती जन्मल्याबरोबर द्यावी लागते. लसीचा डबा खांद्याला लावून तुम्ही वाड्यावस्त्या पालथ्या घातल्यात. १३ जानेवारी २०११ नंतर देशात वाइल्ड पोलिओचा एकही रुग्ण सापडलेला नाही, त्यात तुमचीही पायपीट आहे.

आपल्या बाळाला 'स्किड' नावाचा जन्मजात आजार आहे: जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी टी पेशी त्याच्या रक्तात नाहीतच. बीसीजीत जंतू जिवंत असतात, दुबळे केलेले. धडधाकट बाळाच्या दंडावर फोड येतो, व्रण राहतो, क्वचित काखेत गाठ येते आणि बहुधा आपोआप जिरते. याच्या अंगात त्यांना अडवणारं कुणी नव्हतं, म्हणून ते काखेतून थेट यकृतापर्यंत पोचले. निदान व्हायच्या आधीच बीसीजी मिळालेल्या अशा ३४९ मुलांची १७ देशांतली माहिती २०१४ साली छापून आली; त्यातल्या निम्म्या मुलांना या लसीचा त्रास झाला होता.

सध्या क्षयाचीच औषधं चालू आहेत. त्यातलं पायराझिनामाइड मात्र नाही, कारण बीसीजीच्या जंतूवर ते मुळातच चालत नाही. खरा उपाय बोन मॅरो प्रत्यारोपणाचा. पेशी ह्यांच्या घेणार आहेत, अर्ध्याच जुळतात तरी चालतात. नव्या पेशी रुजल्या की त्या जंतूंवर तुटून पडतात, तेव्हा गाठ पुन्हा फुगेल, तापही येईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. तसं कळवलं तर घाबरू नका.

आई, तू आळीतल्या बायकांना "पोराला टोचू नका" म्हणतेस असं कळलं. असं नको गं करूस. आपल्या बाळाला गोवराची लस देता येणार नाही; भोवतालच्या पोरांनी ती घेतली असेल तरच गोवर त्याच्यापासून लांब राहील. थोरलीच्याही सगळ्या लसी चालू आहेत. फक्त पोलिओच्या थेंबांऐवजी तिला इंजेक्शन देतोय, कारण थेंबांतला विषाणू शौचावाटे बाहेर पडतो आणि बाळासारख्यांच्या आतड्यात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो.

आता मुख्य गोष्ट. तुझे दोन भाऊ तान्हेपणीच गेले. आजी दृष्ट लागली म्हणायची. मला वाटतं, त्यांनाही हाच आजार असावा. माझ्या तपासणीत मी वाहक निघाले. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. बाईला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी. यात आजीची, तुझी, माझी, कुणाचीच चूक नाही. पण धाकट्या मावशीची लेक आठव्या महिन्यात आहे. तिला हे बाळंतपणाआधी कळलंच पाहिजे.

मुलगा झाला तर बीसीजी आणि पोलिओचे थेंब थांबवून आधी त्याच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (टी पेशी ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशी) मोजायला सांग. जन्मतः त्या दर मायक्रोलिटरला ३००० च्या खाली असतील तर टी पेशींची तपासणी लगेच व्हायला हवी; आकडा बरा दिसला तरी ती करायचीच. ती मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या आयसीएमआरच्या एनआयआयएच या रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांवरच्या संस्थेत होते. टी पेशींचा अहवाल चांगला आला तर राहिलेल्या लसी द्यायच्याच. हिपॅटायटिस बीची लस जिवंत नाही, ती थांबवायची नाही. लवकर कळण्याला फार मोल आहे गं: उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या मुलांपैकी ९४ टक्के मुलं पाच वर्षांनंतरही जगली होती.

बाबा, उपकेंद्रातल्या सिस्टरांना आणि आशाताईंना तुमचा शब्द मोलाचा वाटतो. बीसीजी देण्याआधी "घरात, विशेषतः आईच्या माहेरी, एखादं तान्हं बाळ कारण न कळता गेलंय का?" एवढं विचारायला त्यांना सांगाल का? आपल्याकडे जन्मल्यावर टाचेचं रक्त घेऊन हा आजार सरसकट तपासत नाहीत. तोवर हा प्रश्न तरी विचारला जावा.

आई, मावशीशी आजच बोल आणि ती काय म्हणते ते मला कळव. इकडे यायची घाई करू नका, खोलीत एकालाच थांबू देतात.

तुमची लेक