०.०५ चं पान

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

चाकू झाला. काल संध्याकाळी त्यानं पहिली कैरी चिरली. हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय, कारण समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे" म्हणून विषय बदलता.

भोसरीत त्या दिवशी मी ईएन-३१ या पोलादाची तीन मिलिमीटरची पट्टी ग्राइंड करून घ्यायला आलो होतो. साचे आणि डाय बनवणाऱ्या टूलरूममधून रिटायर झालात तरी तुम्ही तिथेच बाकावर बसलेले. "पंच करायचाय?" म्हणालात. मी म्हटलं, चाकू, मिटणारा, कमानीचा. तेव्हा तुम्ही चष्मा वर केलात.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो. कमानीच्या चाकूला लॉक नसतं. पात्याचं शेपूट पाठीमागच्या कमानीवर टेकतं आणि तिच्या दाबावरच पातं जागेवर राहतं. मिटलेला, अर्धा उघडा, पूर्ण उघडा, तिन्ही वेळा कमान मुठीच्या पाठीशी सपाट बसली पाहिजे. नख फिरवलं तर पायरी लागता कामा नये. मला हे सगळं एका रविवारचं काम वाटलं होतं!

पहिलं पातं मी कानशीनं मारलं. शेपूट घासत गेलो, घासत गेलो, आणि उघडल्यावर कमान आत बसायला लागली. तुम्ही डायल गेज लावून मोजलंत, कमान ०.२ मिलिमीटर खाली. मी म्हटलं, वेल्डिंगचा थेंब टाकून भरून काढू. "येतं भरता. मी नाही भरणार," इतकंच बोललात. मला राग आला होता, खरं सांगतो. मग तुम्ही दुसऱ्या पात्याच्या शेपटावर ब्लू, म्हणजे खुणेचा निळा रंग, लावायला शिकवलंत: लावायचा, पातं उघडायचं-मिटायचं, कमानीवर डाग कुठे उठला ते बघायचं, कानशीचे दोन हात मारायचे, पुसायचं, पुन्हा लावायचा. त्या रात्री अकरा वाजेपर्यंत माझी बोटं निळी होती आणि कानस मात्र एकदाही तुम्ही हातात घेतली नाहीत. वाया गेलेलं पातं फेकू दिलं नाहीत, ड्रिल आणि रिव्हेटच्या ट्रायलला ठेवायला लावलंत.

दुसरं पातं माझ्या शहाणपणानं गेलं. तुम्हाला न विचारता भट्टी पेटवली, लालभडक पातं बादलीतल्या पाण्यात बुडवलं आणि "टिक्" झालं. ईएन-३१ ला पाण्याचा धक्का सोसत नाही, त्याला तेल लागतं. रिव्हेटच्या भोकापासून सरळ चीर गेली. फोनवर मी तो आवाज काढून दाखवला, तर तुम्ही नुसतं "गेलं" म्हणालात. तिसऱ्याला मात्र सांगितल्याप्रमाणे केलं. लोहचुंबक चिकटायचा थांबल्यावर आणखी थोडं तापवलं, कोमट तेलात बुडवलं, मग घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास. पातं पेंढ्यासारखं पिवळं झालं. ओव्हनला तेलाचा वास येतो म्हणून घरात अजून केक झालेला नाही, तो हिशेब वेगळा.

आणि मग रिव्हेट. पितळी पत्रे, आजीच्या मोडक्या पाटाचं शिसवी लाकूड, सगळं बसलेलं, फक्त तीन मिलिमीटरची पिन ठोकायची राहिली होती. बॉलपीन हातोडीनं चार ठोके जास्त पडले आणि पातं जाम. पिन ड्रिलनं काढताना हात थरथरत होते, कारण चौथं पातं करायची माझ्यात ताकद नव्हती. चाकू रुमालात बांधून तुमच्याकडे आलो. तुम्ही चंचीतून अडकित्ता काढून माझ्या हातात दिलात. "चालवून बघ. ढिला असता तर सुपारी चिरडली असती, आवळ असता तर बोटं दुखली असती."

मग फीलर गेज काढलात, फट मोजायच्या पातळ पोलादी पानांचा जुडगा, तुमचा जुना, तेल पुसून डबीत ठेवलेला. त्यातलं ०.०५ मिलिमीटरचं पान वेगळं केलंत आणि कात्रीनं त्याला मधोमध खाच पाडलीत. टूलरूमचा माणूस स्वतःचं गेज कापतो, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ते पान पातं आणि पितळी पत्रा यांच्या मधे पिनेवर सरकवलंत आणि बॉलपीन माझ्या हातात दिलात. मी ठोकलं, पान ओढून काढलं, आणि त्याच्या जाडीइतकी मोकळीक मागे राहिली. पातं उघडलं. अर्ध्यावर थांबलं. पुढे "खट" करून बसलं. तुम्ही पाठीवर नख फिरवलंत, माझ्या नाही, चाकूच्या, आणि चहा सांगितलात.

तुमच्या गेजमध्ये आता एक पान कमी आहे. नवं आणलं तर तुम्ही घेणार नाही, हे माहीत आहे. म्हणून शनिवारी येताना ते सुपारीच्या पुडीखाली लपवून आणतोय. आता पुडी मात्र परत करू नका.

आपला,
पाण्याची बादलीवाला