बाळं मोजणाऱ्यांविषयी, मुक्ताला

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

जग दिवसेंदिवस बिघडत चाललंय का, असं तू विचारलंस. प्रश्न इतका मोठा आहे की 'हो' म्हणणाऱ्यालाही पुरावे सापडतात आणि 'नाही' म्हणणाऱ्यालाही. म्हणून मी माझ्या कामातली एकच गोष्ट धरते: जन्मलेल्या हजार बाळांपैकी किती बाळांचा पहिला वाढदिवस येतच नाही. आईचं वय, तिचं पोट, गावातलं पाणी, दवाखान्याचा रस्ता, नर्स जागेवर असणं, सगळं या एका आकड्यात उतरतं.

भारतात १९७१ साली हा आकडा १२९ होता. २०२३ साली तो २५ वर आला. बावन्न वर्षांत १०४ ची घट, म्हणजे वर्षाला सरासरी दोन. हजारात दोन बाळं जास्त जगली, ही कुठल्याच दिवसाची बातमी होत नाही. पण म्हणून हुरळूनही जाऊ नकोस. देशात दरवर्षी सव्वादोन कोटींच्या आसपास बाळं जन्मतात. हजारी २५ धरले तरी साडेपाच लाख बाळं वर्षाच्या आत जातात, आणि त्यातली बहुतेक वाचवता येण्यासारखी असतात.

हा आकडा येतो कुठून, ते समजून घे. सरकारच्या नमुना नोंदणी योजनेत देशभरातली काही हजार गावं आणि शहरांतले गट निवडलेले असतात. तिथे एक स्थानिक माणूस, बहुधा अंगणवाडी ताई किंवा शिक्षक, वर्षभर जन्म-मृत्यू लिहीत राहतो. दर सहा महिन्यांनी एक पर्यवेक्षक येतो आणि पहिली वही न बघता घरोघर स्वतंत्र चौकशी करतो. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवतात. ज्या नोंदी एकाच यादीत आहेत, त्यांच्यासाठी पुन्हा त्या घरी जायचं. कंटाळवाणं काम आहे, पण एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला सापडावं हीच त्यातली सगळी युक्ती आहे.

चुका होतात त्या ठरावीक जागी. जन्मून तासाभरात गेलेलं बाळ 'उपजत मृत्यू' म्हणून, म्हणजे मेलेलंच जन्मलं असं लिहिलं जातं. मग ते जन्मांतही येत नाही आणि मृत्यूंतही नाही, आणि आकडा आहे त्याहून चांगला दिसतो. दुसरी जागा पहिलटकरणीची. ती बाळंतपणाला माहेरी जाते. सासरचे म्हणतात तिकडे झालं, माहेरचे म्हणतात ती आता इथली नाही. म्हणून नियम असा की बाई नेहमी राहते कुठे ते बघायचं आणि प्रसूती कुठेही झाली असली तरी नोंद तिच्या राहत्या घरी करायची. आणि जिल्ह्याचा आकडा या योजनेतून निघत नाही, नमुना तेवढा मोठा नसतो. महाराष्ट्राचा १४ हा आकडा चांगलाच आहे, पण मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदऱ्याच्या पाड्यांवर काय चाललंय ते त्यात दिसत नाही. कुणी राज्याची सरासरी दाखवून मेळघाटाबद्दल बोलायला लागलं तर तिथेच थांबव.

आता घट झाली कशी? बरीचशी कारणं साधी आहेत, आणि त्यातलं मला सगळ्यांत जवळचं म्हणजे जलसंजीवनी, जुलाबात पाजायचं साखर-मिठाचं पाणी (ओआरएस). १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण पिंपांतून ठेवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. कॉलऱ्यात आतडं पाणी बाहेर फेकत असतं, तरी ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीने आत घेण्याचं त्याचं काम चालूच असतं. ती जोडी आत गेली की पाठोपाठ पाणी जातं. नुसत्या मिठाने किंवा नुसत्या पाण्याने हे होत नाही.

जलसंजीवनीच्या हल्लीच्या पुडीत लिटरमागे ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असतं. शिवाय पोटॅशियम क्लोराईड दीड ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. पुडी मिळालीच नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. नेमकं बिघडतं ते पाण्याच्या मापात. लिटरची पुडी एका पेल्यात कालवली तर बाळाच्या रक्तातलं सोडियम चढतं आणि झटके येऊ शकतात. 'गोड लागावं' म्हणून साखर वाढवली तर आतडं उलट अंगातलंच पाणी आपल्याकडे ओढतं आणि जुलाब वाढतात. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. चोवीस तासांनंतर उरलेलं ओतून द्यायचं. जोडीला झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब थांबले की आया झिंक बंद करतात. त्यांना पूर्ण चौदा दिवस द्यायला सांगावं लागतं. अंगावरचं दूध मात्र एकदाही तोडायचं नाही.

जुलाबाचे मृत्यू कमी झाले तसे पहिल्या महिन्यातले मृत्यू उठून दिसू लागले. त्यावरचं उत्तर गडचिरोलीतून आलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना बाळ तपासायला शिकवलं आणि १९९९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले: नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, ती याच कामाच्या पायावर. वजन, ताप, आणि पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि तरी तेवढेच आले तर बाळ दवाखान्यात न्यायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली की फसगत होते, कारण तान्ही बाळं मध्येच श्वास रोखतात.

बिघडलंय ते लपवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांमधला रक्तक्षय २०१५-१६ मध्ये ५८.६ टक्के होता, तो २०१९-२१ मध्ये ६७.१ झाला. बोटातून काढलेल्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजलं की चूक होते, असा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. पण तीच पद्धत दोन्ही वेळा होती, त्यामुळे एवढी वाढ नुसत्या थेंबावर ढकलणं मला पटत नाही.

मला खरी धास्ती वाटते ती मोजणीच थांबण्याची. नव्वदहून जास्त देशांत अशा पाहण्या करणारा कार्यक्रम अमेरिकेच्या मदतीवर चालत होता. २०२५ च्या फेब्रुवारीत ती मदत एकाएकी बंद झाली. त्यातल्या कितीतरी देशांत मेलेल्या बाळांची दुसरी भरवशाची नोंदच नव्हती. आपल्याकडे २०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून आजचे नमुने २०११ च्या यादीवरून काढावे लागतात. त्या यादीनंतर उभ्या राहिलेल्या वस्त्या त्यात येणार कशा? जिथे कुणी मोजत नाही, तिथे सुधारतंय म्हणणाराही अंदाजच करतो आणि बिघडतंय म्हणणाराही.

पुढच्या वेळी कुणी आलेख पाठवला तर तीन गोष्टी विचार: कुणी मोजलं, कोणत्या लोकांत, आणि रेघ कोणत्या वर्षापासून सुरू केली. कोविडच्या वर्षापासून काढलेली रेघ पुढे काहीही झालं तरी चढती किंवा उतरती दाखवता येते.

शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. प्रगणक दारात आला की त्याला बसायला दे आणि घरातल्या सगळ्यांची नावं सांग. शेजारी तान्हं बाळ असेल तर त्या घरी आधीच सांगून ठेव. बारसं झालेलं नसलं की लोक बाळाला यादीत धरतच नाहीत, आणि नाव नसलं तरी नोंद होते.

तुझी,
आई