चिकाला चोवीस तास, प्रयोगशाळेला तीन वर्षे

मा. पशुसंवर्धनमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी आपण आमच्या महाविद्यालयात रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेची फीत कापलीत. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. परवा त्या दारावर ‘निवडणूक साहित्य’ अशी पाटी लागली, म्हणून हे पत्र.

गेल्या आठवड्यात रात्री आमच्याकडे दोन दिवसांचे वासरू आले. बेंबी सुजलेली, पुढच्या पायांचे सांधे कढत. चीक कधी पाजला? “दुसऱ्या दिवशी.” महोदय, गाईच्या वारेतून प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, वासरापर्यंत पोचत नाहीत, ते जवळजवळ कोरेच जन्मते. मिळायचे ते चिकातून, तेही पहिल्या चोवीस तासांत, आणि खरी आवक पहिल्या सहा तासांतली. मग आतड्याचे दार बंद. नंतर बादलीभर पाजा, पोटात जाईल, रक्तात नाही. रक्तात काही उतरले का, हे बघायला रक्तजलाचा थेंब आणि त्यातली प्रथिने मोजणारा, हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. तो त्या कुलूपबंद खोलीत आहे. (असलाच तर.) वासरू पहाटे माझ्या मांडीवर गेले. तेव्हापासून मी धड झोपलेलो नाही, पण ते आपल्या अहवालात बसणार नाही.

अहवालात बसतात टोचलेल्या मात्रा. लाळ्या-खुरकूताच्या विषाणूचे सात प्रकार, एकाची लस दुसऱ्याला रोखत नाही. ते कोण विचारतो? लस 2 ते 8 अंशांत ठेवायची. वीज गेली तेव्हा आमच्या फ्रिजचा काटा 19 वर होता की 21 वर, आठवत नाही. बाटली हाताला कोमट लागली एवढे नक्की. तरी टोचली, कारण उद्दिष्ट! या लसीचा जोर काही महिन्यांत उतरतो, बूस्टर लागतो. आपल्या आश्वासनाला दर अधिवेशनात बूस्टर मिळतो, तरी अंगात काही तयार होत नाही.

आम्ही साठ-पासष्ट जण प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी फळ्यावर बघून पास होतो. ‘बी’ हे अक्षर कोंबडीच्या बर्सावरून, म्हणजे या पेशी जिथे घडतात त्या शेपटीजवळच्या पिशवीवरून आले, हे दोन गुणांना पाठ. बर्सा डोळ्यांनी पाहिलेला वर्गात एकही नाही. उद्या हेच डॉक्टर! प्राचार्य सचिवांकडे बोट दाखवतात, सचिव वित्त विभागाकडे. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, जखमेवर काही तासांत पोचतात, त्यांना टिपणीवर सही लागत नाही.

मागण्या दोनच. फ्रिजला जनित्र, आणि त्या खोलीची किल्ली. ती प्राचार्यांकडेही नाही. फीत कापली त्या दिवशी आपल्या स्वीय सहायकांनी खिशात टाकली, असे शिपाई सांगतो.

आपला,
अंतिम वर्षाचा एक विद्यार्थी