टीव्हीचा ट्रान्समीटर जरूर बनवा, पण अँटेना लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओवर (म्हणजे ज्यात रेडिओचं बरंचसं काम सॉफ्टवेअर करतं) डिजिटल टीव्हीचा ट्रान्समीटर बनवायचे व्हिडिओ हल्ली भरपूर फिरतायत, आणि त्यातले बरेच जण शेवटी बिनधास्त अँटेना खोचून शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवर चित्र दाखवतात, त्यावर थोडं लिहायचंय.

आधी कौतुक, कारण गोष्ट खरंच भारी आहे. 2005 साली फाब्रिस बेलार्डने (एफएफएमपेग हे व्हिडिओचं सॉफ्टवेअर सुरू करणारा तोच) साध्या पीसीच्या व्हीजीए कार्डातून, म्हणजे मॉनिटरला चित्र देणाऱ्या कार्डातून, डीव्हीबी-टी (हवेतून येणाऱ्या डिजिटल टीव्हीचं एक स्टँडर्ड) सिग्नल काढून दाखवला होता, तेव्हा ती जादूच वाटायची. आज हॅकआरएफसारखा सॉफ्टवेअर रेडिओचा बोर्ड आणि जीएनयू रेडिओ हे सॉफ्टवेअर असलं की झालं, डीव्हीबी-टीचे ब्लॉक त्यात आयते मिळतात. 188 बाइटच्या पॅकेटला चुका दुरुस्त करणाऱ्या रीड-सोलोमन कोडचे 16 बाइट जोडायचे, इंटरलीव्हिंग (बाइटची अदलाबदल) करायचं, मग 2के मोडमध्ये 1705 कॅरिअर (डेटा वाहणाऱ्या लहरी) एकदम उभे करायचे, हे सगळं लॅपटॉप करतो. फक्त 8 मेगाहर्ट्झच्या चॅनलला सेकंदाला 91 लाखांवर सॅम्पल यूएसबीतून न थांबता जावे लागतात, तिथे जुनं मशीन धापा टाकतं.

नवख्यांचं घोडं मात्र बहुतेक वेळा बिटरेटपाशी पेंड खातं. क्यूपीएसके (मॉड्युलेशनचा एक प्रकार), कोड रेट 1/2 (निम्मे बिट चुका दुरुस्तीसाठी), गार्ड इंटरव्हल 1/4 (दोन सिम्बॉलमधली मोकळी जागा) असं सेटिंग धरलं तर ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे पाठवायच्या पॅकेटांचा प्रवाह, सुमारे 4.976 एमबीपीएसचा होतो आणि नेमका तेवढाच ठेवावा लागतो, व्हिडिओ कमी पडला तर उरलेल्या जागेत नल (रिकामी) पॅकेट भरायची. हे जुळलं नाही तर टीव्हीला चॅनल सापडतो, नावसुद्धा दिसतं, पण चित्र अडखळत राहतं आणि लोक बिचाऱ्या बोर्डाला शिव्या घालतात.

आता अँटेनाचं. हे बोर्ड प्रयोगासाठी असतात, त्यांच्या आउटपुटला टीव्ही ट्रान्समीटरला लागतो तसला फिल्टर नसतो, म्हणजे तुम्ही 474 मेगाहर्ट्झवर चॅनल लावला की त्याचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल) 948 वर निघतो आणि तिथे 900 च्या बँडमधलं मोबाईलचं डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे येणारा सिग्नल) बसलेलं असतं! त्यात कोणी अँप्लिफायर जोडला तर अजून मजा, कारण ओएफडीएमचे (असे पुष्कळ कॅरिअर एकदम चालवायच्या पद्धतीचे) पीक सरासरीच्या दहापट किंवा त्याहूनही वर जातात, त्यामुळे 10 वॅटचा अँप्लिफायर जेमतेम 1 वॅटवर चालवावा लागतो, पूर्ण ताणला की सिग्नलच्या दोन्ही बाजूंना खांदे फुटतात आणि शेजारचे चॅनल खराब होतात. टीव्हीवर तुमचं चित्र छान दिसतंय म्हणून सिग्नल स्वच्छ आहे असं मुळीच नसतं, एरर करेक्शन बरीच घाण पोटात घालतं. ते कळायला स्पेक्ट्रम अॅनालायझरच लागतो. आणि लायसन्सशिवाय टीव्हीच्या बँडवर प्रक्षेपण करणं हा गुन्हा आहे ते वेगळंच.

बरं, अँटेनाची गरज तरी कुठे आहे? बोर्डाचं आउटपुट 30-40 डीबीच्या अॅटेन्युएटरमधून (सिग्नल कमी करणाऱ्या जोडणीतून) कोअॅक्स केबलने सरळ टीव्हीच्या सॉकेटात द्या, शिकायचं ते सगळं तिथेच शिकता येतं, मॉड्युलेशन बदला, गार्ड इंटरव्हल बदला, मुद्दाम नॉइज घालून चित्र कधी फुटतं ते बघा. ज्याला खरंच हवेतून पाठवायचंय त्याने हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन्स काढावं. 2018 मध्ये सोडलेल्या एस'हेल-2 उपग्रहावर हॅम लोकांसाठी डिजिटल टीव्हीला चालणारा वेगळा ट्रान्सपाँडर (आलेला सिग्नल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत पाठवणारं यंत्र) आहे, 2.4 गिगाहर्ट्झवर पाठवा, 10 गिगाहर्ट्झवर स्वतःचंच चित्र परत बघा, अजून काय पाहिजे.

तुमच्या टेक पानावर नव्या मोबाईलचे रिव्ह्यू येतात तसं एकदा या विषयावरही पानभर येऊ द्या, केबल आणि अॅटेन्युएटरच्या डायग्रामसकट.

आपला,
एक वाचक