पत्रांतला पीतज्वर

महोदय,
डासांमुळे पीतज्वर पसरतो हे क्युबात १९०० साली अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या मंडळाने सिद्ध केले, एवढेच आपण शाळेत शिकतो. (क्युबातले डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनी हे १८८१ मध्येच मांडले होते, त्यांचे नाव मात्र क्वचितच येते.) पण त्या प्रयोगांची धग अहवालांत नाही, घरच्या पत्रांत आहे. मंडळातले डॉक्टर जेसी लाझीअर यांनी ८ सप्टेंबरला घरी लिहिले की खरा जंतू हाती लागतोय असे वाटते, पण इतक्यात कुठे बोलू नका. २५ तारखेला ते पीतज्वरानेच गेले. ही पत्रे आज वाचता येतात ती फिलिप हेंच या संधिवाताच्या डॉक्टरांमुळे. (पुढे १९५० चे नोबेल मिळाले ते हेच.) प्रयोगातल्या हयात माणसांना पत्रे लिहून त्यांनी आठवणी आणि कागद मिळवले, तो संग्रह व्हर्जिनिया विद्यापीठात आहे. प्रयोगात भाग घेणाऱ्या स्पॅनिश स्थलांतरित मजुरांना शंभर डॉलर आणि आजारी पडल्यास आणखी शंभर, असा करारही त्या काळचाच. त्या मजुरांची घरची पत्रे कोणी जपली असती तर हा इतिहास वेगळा वाचला असता, असे मला वाटते.

– एक वाचक, सातारा