बॉयलर कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत भयपटांवर आलेला लेख वाचला. स्टॅन्ली क्युब्रिकच्या ‘द शायनिंग’बद्दल (१९८०) त्यात भरभरून लिहिलंय, ते योग्यच आहे. पण स्टीफन किंगच्या मूळ कादंबरीची बोळवण एका वाक्यात केलीय, की बेतास बात पुस्तकातून थोर दिग्दर्शकाने थोर सिनेमा काढला. ते वाक्य चार दिवस टोचत राहिलं, म्हणून लिहिते आहे.

कादंबरी १९७७ची. मी ती फोर्टच्या फुटपाथवर घेतली, मुखपृष्ठ फाटलेली, आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. बर्फामुळे हिवाळाभर बंद असणारं डोंगरातलं हॉटेल, त्याची राखण करायला आलेला लेखक, त्याची बायको आणि पाच वर्षांचा मुलगा, एवढं सिनेमा पाहिलेल्यांना माहीत असतं. कादंबरीतला बाप मात्र नुकती दारू सोडून आलेला माणूस आहे. आपल्या कागदांवर बिअर ओतली म्हणून त्याने पूर्वी पिऊन याच पोराचा हात मोडलेला आहे. आता तो पीत नाही, पण सारखे ओठ पुसतो, डोकेदुखीच्या गोळ्या पाण्याशिवाय चावून खातो. दारू सोडलेला माणूस ज्यांनी घरात पाहिलाय, त्यांना ते ओठ पुसणं भुतापेक्षा जास्त घाबरवतं.

माझे बाबा लालबागला गिरणीत बॉयलर खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्यांचा भोंगा कायमचा थांबला. दारू आधीपासून होतीच, संपानंतर ती आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत भरून राहिली. पुढे एका चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा निनावी गट) मराठी मीटिंगला ते जाऊ लागले. सुटले. पण त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून रात्री जेवणं झाली की मी ही कादंबरी त्यांना मराठीत सांगायचे.

त्या हॉटेलच्या तळघरात एक जुना बॉयलर आहे. त्याचा दाब गुपचूप चढत राहतो, रोज नेमाने खाली उतरून तो सोडावा लागतो. हे सांगितल्यावर बाबा सावरून बसले. “रात्री कोण उतरतं खाली?” मी म्हटलं, तोच, बाप. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग तो विसरणार.”

आणि तो विसरतोच. हॉटेल त्याला पुन्हा दारू पाजतं, त्याच्या अंगात शिरतं, हातात लाकडी मोगरी देऊन पोराच्या मागे धाडतं. पोरगा पळत नाही. तोंडावर सांगतो, तू माझा बाबा नाहीस. तेव्हा काही क्षण त्या शरीरात खरा बाप परत येतो. पोराला पळून जायला सांगतो, माझं तुझ्यावर किती प्रेम आहे ते लक्षात ठेव म्हणतो. मग पुन्हा हॉटेलच उरतं. बापाला ज्याचा विसर पडला ती गोष्ट पोराला आठवते, बॉयलर. दाब सोडायला कोणी गेलेलं नाही. स्फोटात हॉटेल जळतं आणि आई, मुलगा, हॉटेलचा स्वयंपाकी वाचतात. मी हे सांगत होते तेव्हा बाबा उठून गॅलरीत गेले. आत आले ते अर्ध्या तासाने.

नंतर व्हीसीआर भाड्याने आणून आम्ही दोघांनी सिनेमा पाहिला. त्याची ताकद मी नाकारत नाही. मुलाच्या तीनचाकी सायकलचा आवाज गालिच्यावर गप्प होतो आणि लाकडी जमिनीवर घरघरतो, तो मी अजून विसरलेले नाही. पण जॅक निकल्सनचा बाप पहिल्या मुलाखतीपासूनच बिथरलेला वाटतो. तिथून त्याला कुठे घसरायचंच नाही. बायको एकदा तळघरात बॉयलर तपासताना दिसते, तेवढंच. स्वयंपाकी कुऱ्हाडीने मरतो, बाप झुडपांच्या चक्रव्यूहात गोठतो, शेवटी भिंतीवर १९२१चा फोटो. ‘पळ’ म्हणणारा क्षणच नाही. बाबांनी टीव्ही बंद करताना एवढंच विचारलं, “बॉयलर कुठे गेला?”

किंगलाही हा सिनेमा कधी पटला नाही. १९९७मध्ये त्याने स्वतः पटकथा लिहून तीन भागांची मालिका केली, तीही कोलोरॅडोतल्या स्टॅन्ली हॉटेलमध्ये, जिथे राहून त्याला ही गोष्ट सुचली होती. मालिकेत बॉयलर आहे, बापाची माया आहे, पण हलणारे झुडपांचे प्राणी इतके कच्चे आहेत की भीती उडून जाते. तिला मी थोर म्हणणार नाही.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही तो माइक फ्लॅनगनचा ‘डॉक्टर स्लीप’ (२०१९) मात्र जरूर पाहावा. पोरगा आता मोठा झालाय, त्यालाही दारू लागली होती, तोही ए.ए.मध्ये जाऊन सुटलाय. त्याच हॉटेलच्या बारमध्ये बापाचा चेहरा घेतलेला माणूस त्याच्यापुढे व्हिस्कीचा ग्लास ठेवतो. तो पीत नाही. आणि शेवटी बॉयलर फुटतो, हॉटेल पेटतं. कादंबरीतला तो शेवट मोठ्या पडद्यावर यायला ४२ वर्षं लागली. लोअर परळला, गिरणीच्या जुन्या आवारात उभ्या राहिलेल्या मल्टिप्लेक्समध्ये मी तो पाहिला. बाबा तेव्हा नव्हते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर समोर पडद्यावर जळत होतं आणि ते सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

लेखकाला माझी विनंती आहे, ते पुस्तक एकदा शेवटपर्यंत वाचा आणि मग त्याच पुरवणीत त्यावर लिहा.

पत्र छापल्यास नाव देऊ नये. बाबांनी मीटिंगमध्ये कधी आडनाव सांगितलं नाही, मीही सांगत नाही.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई